फुलाला तीट

भाविकाने काडीपेटीतल्या काडीने पांढऱ्या ऑर्किडचे पराग जांभळ्याला लावले, तेव्हा तिची सासू रंगू दारातून म्हणाली होती, "फुलांच्या सोयरिकी जुळवते. घरात नणंद बसलीय तिचं बघ आधी."

नणंदेचं लग्न यथावकाश झालं. इकडे झाडाला शेंग धरली, ती पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली आणि बाटलीतली इवलीशी रोपं होऊन टोकावड्याला परत आली. बरीच मेली. उरली ती तिने मागच्या पडवीत, हिरव्या जाळीखाली, नारळाच्या काथ्याळ सोडणात वाढवली. शिलाईच्या मशीनवरून उठली की ती तिथेच. चौथ्या वर्षी एका रोपाला तुरा आला. पाकळ्या पांढऱ्या, आणि मधली, जिला ऑर्किडवाले ओठ म्हणतात, ती फिक्की जांभळी.

मुरबाडला तिच्या ऑर्किड मंडळाचं प्रदर्शन होतं. बक्षिसाचं तिला फार नव्हतं. फूल खरंच चांगलं झालंय, की आपल्यालाच आपलं कौतुक, एवढं तिला कळायला हवं होतं. ते सांगू शकणाऱ्या शहापूरच्या संघरत्ना मॅडम परीक्षक होत्या.

तुऱ्याला रात्रीच कागदाचा शंकू बांधून ठेवला होता; सकाळी कुंडी मांडीवर घेऊन ती एसटीने गेली. हॉलमध्ये शंकू सोडते, तर सगळ्यात मोठ्या फुलाच्या ओठावर काळा ठिपका.

मॅडम भिंग घेऊन वाकल्या. "हा ठिपका या रोपाच्या आईबापांत नाही."

"नवीनच काहीतरी निघालं," मंडळातला दामू म्हणाला आणि त्याने फोटो काढला. आणखी चार जण वाकले.

भाविका ठिपक्याकडे बघत राहिली. थोडा तिरका, करंगळीने टेकवलेला. असाच ठिपका तिच्या लेकाच्या, अमोलच्या गालावर पहिली दोन वर्षं रोज होता. सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा पडवीत शंकू सोडून पुन्हा बांधणारं कोण होतं, हे विचारायची गरज नव्हती. गप्प राहिली असती तर नंबर समोर होता.

"मॅडम, ते काजळ आहे," ती म्हणाली. "सासूबाईंनी तीट लावलीय."

दामूने मोबाईल खिशात घातला. संघरत्ना मॅडम हसल्या, पण नियम तो नियम. वरून काही लावलेलं फूल स्पर्धेत चालत नाही. त्यांनी कुंडी बाजूला ठेवायला सांगितली. मग त्याच तुऱ्यावरची बाकीची फुलं एकेक करून पाहिली, तुरा उचलून मागूनही पाहिला. "पाकळीला पाकळी भिडलीय. ओठाचा रंग कुठे फुटलेला नाही. हे रोप जपा, भाविका. माझ्याकडे असं नाही."

घरी रंगू ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"आला का नंबर?"

"नाय आला. तुमी तीट लावलीत ना, बाद केलं."

"मंग काय फूल तसंच धाडायचं? एवढी मानसं टक लावून बघनार."

"पुढच्या टायमाला कुंडीला लावा, आई."

"कुंडीला कुठं नजर लागते गो?" रंगूने एक खडा अंगणात टाकला. "ती मॅडम काय बोलली?"

"फूल चांगलं आहे म्हणाल्या."

"ते आमीच सांगितलं असतं," रंगू म्हणाली. "यष्टीचं भाडं वाचलं असतं."

भाविका हसत कुंडी घेऊन पडवीत गेली.