तान्ग्रिस्नीरला उठवा

कापायच्या जनावराला हौसामावशी कधी नाव ठेवायची नाही. ताम्हिणीकडच्या वाडीतली ती. मुळशीच्या आमच्या रिसॉर्टवर जनावरं सांभाळायची. “हाक मारली की ते घरचं. घरच्याला कुनी कापतंय व्हय?” असं मला सुनावायची, जणू मीच सुरी घेऊन उभा आहे.

मालक नॉर्वे फिरून आले आणि तिथल्या पुराणातली जनावरं त्यांच्या डोक्यात शिरली. आठ पायांच्या दैवी घोड्याचं नाव, स्लाइपनीर, आमच्या चार पायांच्या तट्टाला मिळालं. गाईची औधुम्ला झाली. जनावरांच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे, म्हणून गोष्टी मीच वाचून काढल्या. मावशीनं घरचे दोन बोकड दिले, पण नाव ठेवणार असाल तरच, या अटीवर. मालकांना ती हौस वाटली. कारण मला माहीत होतं. सगळ्यांसमोर कुंकू लावून नावं ठेवली: तान्ग्रिस्नीर आणि तान्ग्न्योस्ट. पाहुणे अडखळायचे, मावशी मात्र दोन दिवसांत घडाघडा हाका मारू लागली.

“कुनाची वो ही बोकडं?” तिनं मला विचारलं.

“थॉर नावाच्या देवाची. त्याचा रथ ओढतात.”

“मंग काय काळजी न्हाई,” म्हणत ती गेली. पुढचं मी गिळलं. भूक लागली की तो देव हेच बोकड कापून खातो, हाडं कातड्यावर ठेवतो आणि सकाळी हातोडा फिरवून त्यांना उठवतो. नोकरी नवी होती, एवढीच माझी सबब.

एका शनिवारी मावशी वाडीवर गेलेली. मालकांनी पाहुण्यांना ही गोष्ट माइकवर रंगवून सांगितली आणि तान्ग्रिस्नीर ताटात वाढला. टाळ्या पडल्या. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या टाळ्या! आठवलं की अजून डोकं फिरतं.

सकाळी मावशीनं हाका मारल्या, तर एकच बोकड आला. आचाऱ्यानं तिला सगळं सांगितलं, गोष्टीसकट. तिनं कातडं आणलं, मिळाली तेवढी हाडं आणली आणि मालकांच्या नाश्त्याच्या टेबलापुढे पसरून ठेवली.

“उटवा आता.”

“अहो मावशी, गोष्ट आहे ती.”

“मंग नाव कशापायी ठिवलं?”

“दुसरा आणू की. त्यालाही हेच नाव देऊ,” मालक हसत म्हणाले. हसत!

मावशीनं तान्ग्न्योस्टला दावं लावलं. कुणी अडवलं नाही. जाताना ती माझ्यापाशी थांबली.

“ती गोष्ट तुमाला ठाव व्हती?”

मी हो म्हणालो.

“मालकाला आमची रीत ठाव न्हवती. तुमाला दोनी बी ठाव व्हतं.”

ती बोकडाला घेऊन ताम्हिणीच्या रस्त्याला लागली. मी तिथं आणखी दोन वर्षं नोकरी केली.