बरणीतला काळा गाळ

खारट, उग्र, किंचित कुजकट असा एक वास आहे. कोणीही नाकाला पदर लावावा असा. पण मला तो आला की अमरावतीची उन्हाने तापलेली माहेरची गच्ची आठवते आणि दादासाठी जीव तुटतो.

पन्नासच्या दशकातला तो वैशाख. माझा थोरला भाऊ रसायनशास्त्रात संशोधन करीत होता. अकोल्याला मोटार बदलून तो लोणारच्या खाऱ्या सरोवरावर गेला आणि तळाचा काळा गाळ बरण्यांत काठोकाठ भरून, झाकणांना मेण लावून घेऊन आला. त्या गाळात लेशमात्र युरेनियम असलेच, तर ते कोणत्या रूपात नांदते, हे त्याला शोधायचे होते. ते साधले की तो परदेशी जाणार होता. तो सांगे आणि मी मुग्ध होऊन ऐके! हवेचा स्पर्श नसलेल्या काळोख्या चिखलात हे द्रव्य न विरघळता स्वस्थ बसते. प्राणवायू भेटला की त्याचे रूप पालटते, ते पाण्यात विरघळते आणि क्षारांच्या सोबतीने दूर निघून जाते. इतक्या जड मूलद्रव्यालाही घर सोडण्याची ओढ असावी ना!

पण आईला हे कोण सांगणार? दादा बडनेऱ्याला मित्राकडे गेला होता, तेवढ्यात तिने सांडग्यांशेजारी जुन्या धोतरावर तो गाळ पसरला. "कुजून राहिला होता ना थो गारा! म्या वाळवून ठेवला," ती कौतुकाने म्हणाली. दादाने कपाळावर हात मारला; हवा लागून सारा गाळ वाया गेला होता. मग तिचे चिखलाने माखलेले हात पाहून हसतच सुटला. पुन्हा सरोवर, पुन्हा नवा गाळ. त्याचे जाणे वर्षभर लांबले. काय सुखाचे होते ते वर्ष! आई रोज त्याच्या आवडीचे काहीतरी रांधी आणि तो बरण्यांच्या गोष्टी सांगत जेवी.

मग तो गेला. आधी येतो येतो म्हणे, पुढे तेही म्हणेनासा झाला. त्याची एक मेणबंद बरणी तेवढी फडताळात राहिली. आई तिला कोणाचा हात लागू देत नसे.

कितीएक वर्षांनी उन्हाळ्यात माहेरी गेले, तर जिन्यातच तो वास आला. धावत वर गेले. थकलेल्या आईने बरणी उघडून सांडग्यांशेजारी गाळ पसरला होता आणि बोटांनी तो सारखा करीत होती.

"मांग गारा खराब झाला त थांबला होता ना थो," ती म्हणाली. "आताही येईन थो, नवा गारा न्याले."

मी तिच्याजवळ बसले आणि बरणीत उरलेला गाळ पसरू लागले.