फुकटची सीट

"गाळा तारण ठेवा मॅडम, पण शुक्रवारच्या आत पैसे द्या," म्हणत दशरथभाऊंनी गाळ्याचे कागद माझ्या टेबलावर ठेवले. शेजारी त्यांची मुलगी वैष्णवी मान खाली घालून बसली होती.

मी नाशिकच्या एका बँकेत कर्जविभाग सांभाळते. बारावीचा निकाल लागला की अशी बाप-लेकीची जोडी माझ्यासमोर रोज येते. भाऊंचं त्र्यंबकेश्वरला पूजासाहित्याचं दुकान. वैष्णवीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं होतं. पुण्याच्या एका कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या हातातली, जास्त फीची सीट मिळत होती. शुक्रवारी डिपॉझिट भरलं नाही तर ती जाणार होती.

मी तिचे मार्क बघितले. चांगले होते. मग उत्पन्नाचा दाखला बघितला आणि वैतागलेच.

"कॅपला नाव नोंदवलंय ना?" कॅप म्हणजे सरकारी प्रवेशप्रक्रिया. त्यात मार्कांप्रमाणे एकेका राउंडला कॉलेज मिळत जातं.

"नोंदवलंय," वैष्णवी पुटपुटली.

"मग त्यातूनच घ्या की! तुमच्या दाखल्यावर मुलीची ट्यूशन फी सरकार भरेल. मॅनेजमेंटच्या सीटला ही सवलत नाही."

भाऊ हसले. "मॅडम, आमच्याकडं फुकट दिलेलं कुंकू लोक पायरीवरच ठेवून जातात. इकत घेतलेली पुडी देव्हाऱ्यापर्यंत जाती. फुकटची सीट कशी आसंल?"

"अहो, वर्ग तोच, सर तेच, बाकही तोच. फी भरणारा तेवढा बदलतो."

त्यांना पटेना. मग मी घरखर्च विचारायला घेतला. दुकानातून महिन्याला काय सुटतं म्हटल्यावर त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी पेन खाली ठेवलं.

"हा श्रावणातला ना?"

"श्रावणात लय चालतंय दुकान," ते अभिमानाने म्हणाले.

"आणि हप्ता? गाळ्यावरच्या कर्जाचा तो लगेच सुरू होतो आणि बाराही महिने असतो."

देवस्थानच्या गावातली ही नेहमीची चूक. गर्दीच्या महिन्यावर वर्षाचा हिशोब मांडतात. साध्या महिन्याचा आकडा त्यांनी हळू आवाजात सांगितला. घरखर्च जाऊन जे उरत होतं, त्यात पुण्याचा हप्ता काही बसेना.

"आन कॅपमधून नायच मिळालं तर?" भाऊंनी विचारलं.

नक्की मिळेल असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? तेवढ्यात वैष्णवीने मान वर केली. "पप्पा, गाळा अडकवून मला तिथं झोप नाय लागायची. आपण राउंड बघू."

भाऊंनी कागद पिशवीत टाकले. संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"जाधव मॅडम, तारण घेऊन आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलंत? टार्गेटचं काय?"

"सर, हप्ते थकले तर वसुलीला त्र्यंबकला कोण जाणार?"

"तुम्हीच."

"म्हणूनच पाठवलं."

बोलायला मी शूर होते. पहिल्या राउंडला वैष्णवीला काहीच मिळालं नाही. भाऊंचा फोन आला. "मॅडम, पुण्याची सीटबी गेली. आता काय करायचं?" ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला. दुसऱ्याच्या लेकीच्या वर्षाशी आपण खेळलो, असंच सारखं वाटत राहिलं.

दुसऱ्या राउंडच्या दिवशी वैष्णवीनेच फोन केला. "मॅडम, मिळालं! कॉम्प्युटरच! नाशिकलाच!" मी एवढ्या जोरात "शाब्बास" म्हटलं की कॅशियर काउंटरवरून वाकून बघायला लागला. माझे डोळे भरून आले होते.

घरून बसने रोज जाता येणार होतं, त्यामुळे होस्टेल आणि मेसचा खर्च वाचला. उरली बाकीची फी आणि लॅपटॉप. तेवढ्याला छोटं कर्ज पुरलं. त्याला तारण लागलं नाही.

पुढच्याच महिन्यात भाऊ पैसे घेऊन हजर.

"अहो, शिक्षणकर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या मॅडम, भरून घ्या. थोडं तरी इकत घेतल्यागत वाटू द्या."

मी भरून घेतले. तेवढंच व्याज कमी. आता कोणीही शिक्षणकर्जाला आलं की मी आधी राउंड झाले का विचारते आणि मगच फॉर्म देते. माझं टार्गेट त्या वर्षी चुकलं ते चुकलंच. वैष्णवी मात्र रोज सकाळच्या बसने कॉलेजला जाते.