पाळी बंद झाल्यावर आठ वर्षांनी

मंडळी, आज सकाळी कुरुंद्यात आमच्या शेतात हळद काढणं चालू होतं. काम करता करता आई मटकन खाली बसली. चेहरा पांढराफटक पडला होता.

खूप विचारल्यावर ती मान खाली घालून म्हणाली, "चार महिन्यांपासून अंगावरून रक्त जाऊन राहिलं."

आई अठ्ठावन्न वर्षांची आहे. पाळी बंद होऊन आठ वर्षं झाली.

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"घरात तुमी दोघं बापलेक. पोरगी असती तर बोलले असते."

मी तिला तसंच गाडीत बसवून वसमतला नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी लगेच दाखवायचं. दरवेळी मोठा आजार नसतो, पण तपासल्याशिवाय कळत नाही."

सोनोग्राफी झाली. गर्भपिशवीच्या आतला छोटा तुकडा तपासायला पाठवलाय. रिपोर्ट आठवडाभरात येईल.

परतताना आई हळूच म्हणाली, "तुला सांगून हलकं वाटून राहिलं."

मला मात्र ते चार महिने बोचून राहिलेत. भावांनो, आईला असलं काही आपल्याजवळ बोलता येईल, असं आपण कधी वागलो का?