उरलेली सिरींज

सहावं घर झालं तेव्हा सिस्टरांनी पायऱ्यांच्या कठड्याला हात टेकला आणि म्हणाल्या, "थांबा बाई. गुडघ्याला विचारून बघते, पुढे येतोय का."

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, तुम्ही व्हा पुढे, मी रिटायर झाल्यावर येतो."

बाई हसल्या नाहीत. एरवी हसल्या असत्या. खालच्या शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या या बाई गेली चौदा वर्षं लसीकरणाच्या दिवशी सिस्टरांच्या शेजारी यादी लिहायला बसत आल्या होत्या, आणि सिस्टरांच्या विनोदाला हसणं हा त्या कामातच धरलेला भाग होता. पण आज त्यांचं लक्ष विनोदाकडे नव्हतं. हातातल्या वहीत नऊ घरांभोवती लाल गोल होते. सहा खोडून झाले होते. उरलेली तिन्ही घरं वरच्या अंगाला, जिथे गल्ल्या संपतात आणि नुसत्या पायऱ्या राहतात.

झालं होतं असं. सकाळी शाळेच्या हॉलमध्ये गोवराच्या लसीचा कॅम्प होता. आठवड्याभरापासून खालच्या वस्तीत गोवर निघाला होता, चार मुलं अंगभर पुरळ घेऊन निजली होती. सिस्टरांनी मोजून पन्नास सिरींज आणल्या. एक सिरींज, एक मूल. मग ती डब्यात. यादीत बेचाळीस नावांपुढे खूण झाली, म्हणजे आठ उरायला हव्या होत्या. आवरताना सिस्टरांनी मोजल्या तर नऊ. पुन्हा मोजल्या. मग मदतीला आलेल्या टेलरमामांना मोजायला लावल्या. नऊच.

"एक जास्त राहिली तर बिघडलं कुठे?" टेलरमामा म्हणाले. "वाढीव आली असेल."

"वाढीव काही येत नाही हो मामा. मूल कमी पडलंय."

कुणाच्या तरी नावापुढे खूण होती आणि दंडात सुई नव्हती. यादीत झालं म्हटल्यावर आता त्याच्या दाराशी पुन्हा कुणी जाणार नव्हतं. शिवाय वेळ थोडा. शेवटची बाटली पावणेएकला कालवली होती, तीही एकाच मुलासाठी. उरलेलं औषध बर्फाच्या पेटीत होतं. कालवलेलं औषध चार तास चालतं, पावणेपाचनंतर ते ओतून द्यायचं. नव्या बाटल्या पंधरा दिवसांनी येणार, आणि गोवर काही पंधरा दिवस दारात उभा राहत नाही.

सिस्टरांनी वही समोर ओढली, क्षणभर पाहिली, आणि लाल पेनानं गोल करत गेल्या. "एकेकटं मूल असलेली घरं सोडा. दोन किंवा जास्त मुलं आहेत तेवढी बघू. डाव्या करंगळीवर शाईचा ठिपका नाही ते आपलं."

असं का, हे बाईंनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

आता साडेतीन वाजून गेले होते. पेटीचा पट्टा एकदा या खांद्यावर, एकदा त्या, असं करत दोघी चढत होत्या. बाई मनातल्या मनात देवाचं नाव घेत होत्या, एका पायरीला एक. हे त्यांचं नेहमीचंच, पण आज त्यात मागणं होतं. सापडू दे. एवढं एक लेकरू सापडू दे.

सिस्टरांचं रिटायर होणं अकरा दिवसांवर आलं होतं. एकतीस वर्षं याच चढावर गेली. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना बघून लोक दारं लावून घेत. पांढरे कपडे दिसले की गल्लीत ओरड व्हायची, टोचणारी आली, आणि पोरं पलंगाखाली. सहा महिने त्या बंद दारांशी बोलल्या आणि मग हात टेकले. एकदा उसवलेली बाही शिवायला टेलरमामांच्या दुकानात बसल्या होत्या, तर मामा कुणाशी बोलता बोलता म्हणाले, "धाकट्या सुनेचे कपडे सैल करायला आलेत, अजून घरात कुणाला माहीत नाही." सिस्टरांचे कान उभे राहिले. सून गरोदर आहे हे सासूच्या आधी शिंप्याला कळतं, हे त्यांना कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी दारं ठोठावणं कमी केलं आणि दुकानात बसणं वाढवलं. मामा बाईमाणसाला हळूच सांगत, सिस्टरला एकदा दाखवून ये. सलूनवाला महिनोन्महिने खोकणारं गिऱ्हाईक पाठवी. त्याच्या खुर्चीत माणूस मान टाकून बसतो, खोकला लपवणार कुठे? शाळेनं हॉल दिला, बाईंनी अक्षर दिलं. वरच्या ऑफिसातले साहेब दरवर्षी येऊन याला काहीतरी मोठं नाव देऊन जात. सिस्टर म्हणत, "नाव त्यांचं, पाय आपले."

सातव्या घरी दोन्ही मुलांनी दारातच करंगळ्या पुढे केल्या. ठिपके होते. आठव्या घराच्या वाटेवर बेकरी लागली. बेकरीवाला ट्रे पुसत होता. त्याला सगळे लाऊडस्पीकर म्हणत, कारण तो बोलला की दोन गल्ल्यांना ऐकू जाई. कॅम्पच्या दिवशी रडणाऱ्या मुलांसाठी बिस्किटांचा डबा त्याच्याकडून येई, न मागता.

"सिस्टर, अजून फिरताय? सकाळी संपलं ना?" त्याचा आवाज भिंतीवर आपटून परत आला.

सिस्टरांनी त्याच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत सांगितलं, "एक राहिलंय."

तो हसायचा थांबला. आत गेला, पाण्याचे दोन ग्लास आणले, दोघींनी पिईपर्यंत उभा राहिला आणि ग्लास घेऊन गेला.

थोडं वर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "याच्या कानाचं माहीत आहे तुम्हाला?"

"जन्मापासून असेल."

"दोन वर्षांचा होता. गोवर झाला, मग कान वाहायला लागले. त्या वर्षी मी दारांवर खडूनं खुणा करत फिरत होते. याच्या दारातून विचारलं, मुलांचं झालं का? आतून कुणीतरी म्हणालं, झालं. मी खूण केली आणि पुढे गेले. मोठ्या भावाचं झालं होतं."

बाईंना पेटी एकदम जड वाटली. "त्याला माहीत आहे?"

"अठरा वर्षांचा झाला तेव्हा जाऊन सांगितलं. ऐकू येणार नाही म्हणून मोठ्यानं सांगितलं. तर म्हणतो, सिस्टर ओरडू नका, समजलं." त्या दोन पायऱ्या चढल्या, थांबल्या. "तेव्हापासून बिस्किटं येतात. मी नको म्हणाले होते. तेही त्यानं ऐकलं नाही."

बाईंना सांगून टाकायचं होतं. पायऱ्या चढताना वाक्य तयार झालं होतं, अगदी शुद्धलेखनासकट. पण आठवं घर आलं. तिथे तीन मुलं, पैकी एक शेजारी खेळायला गेलेलं. त्याला शोधून आणून करंगळी बघेपर्यंत वीस मिनिटं गेली. ठिपका होता. सव्वाचार झाले.

नववं घर शेवटच्या पायरीला होतं. दारावर खडूची खूण होती. सिरींज मोजायच्या आधीच टेलरमामा यादी बघून तेवढं करून गेले होते. एका खोलीचं घर, खिडकीत वाळत घातलेले लहान मोजे, आणि उंबऱ्यावर एक आजी मांडीवर नात घेऊन बसलेली. नात अकरा महिन्यांची. डावी मूठ तोंडात.

"आता कशाला आलात?" आजी म्हणाल्या. "खूण करून गेला की तुमचा शिंपी."

"खूण चुकली आजी. बाळाचा हात बघू जरा."

"हात जेवढे असायला हवेत तेवढे आहेत."

सिस्टरांनी मूठ हळूच तोंडातून काढली. करंगळी ओली होती, गोरीपान होती, आणि तिच्यावर काहीही नव्हतं. बाईंनी डोळे मिटले आणि मनात देवापुढे डोकं टेकलं.

"मोठ्या तिघांना त्यांची काकू घेऊन गेली," आजी म्हणाल्या. "ही झोपली होती. झोपलेल्या लेकराला उठवून टोचायला पाठवू? आता नको. आई कारखान्यात आहे, सहाला येईल. तिच्या मागे टोचलं आणि ताप आला, तर ती मला टोचेल."

"येईल ताप थोडा, एखाद दिवस. गोळी देते."

"तुमचं काय जातं सांगायला."

साडेचार झाले होते. बाईंना वाटलं, आता सिस्टर गोवराचं सांगतील, खालच्या चार मुलांचं, बेकरीवाल्याच्या कानाचं. त्यांनी तसलं काही केलं नाही. पेटी खाली ठेवली, भिंतीला धरून उंबऱ्यावर आजींच्या शेजारी बसल्या, आणि बसताना त्यांच्या तोंडून जे निघालं ते ऐकून आजींनी मान वळवली.

"गुडघे?"

"दोन्ही."

"माझा डावा. उजव्याचं अजून मन आहे."

सिस्टरांनी कपडा जरा वर करून गुडघ्याचा पट्टा दाखवला. आजींनी तो बोटानं दाबून पाहिला, भाजी घेताना दाबून बघावी तसा. "कितीला पडला?"

"फुकट मिळाला, म्हणून घसरतो." मग त्याच सुरात सिस्टर म्हणाल्या, "सकाळी कामावर जाताना सून काय सांगून गेली?"

आजी नातीचं झबलं नीट करत राहिल्या. ते नीटच होतं.

"घेऊन जा म्हणाली," त्या शेवटी म्हणाल्या. "मी म्हटलं, हो. पण उतरेन एकवेळ, वर आणणार कोण? हिचं वजन बघा. काकूला सांगावं, तर तिच्या हातात आधीच तीन. आणि सुनेला काय सांगू, की मला आता नात उचलवत नाही? उद्या ती म्हणेल, मग मुलं कुणाच्या जिवावर ठेवून जाऊ."

बाळानं मूठ पुन्हा तोंडात घातली.

"चूक आमची," सिस्टर म्हणाल्या. "दोनशे पायऱ्यांखाली कॅम्प लावायचा आणि वर सगळे तरणे असतील असं धरून चालायचं. सुनेला सांगा, सिस्टर घरी येऊन टोचून गेल्या. खोटं नाही त्यात काही."

आजींनी थोडा वेळ विचार केला. मग नातीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि झबल्याची बाही स्वतःच वर केली. "लवकर करा. माझं मन बदलायच्या आत."

चार पस्तीसला सुई टोचली. बाळ एवढं रडलं की शेजारची खिडकी उघडली. सिस्टरांनी सिरींज डब्यात टाकली, करंगळीवर ठिपका दिला, गोळ्या दिल्या, कधी आणि किती द्यायच्या ते दोनदा सांगितलं. बाईंनी वहीतला शेवटचा गोल खोडला. त्यांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. अर्धाच पडला.

उतरताना सिस्टर आडव्या होऊन उतरत होत्या, एक पाय, मग दुसरा, लहान मूल उतरतं तशा. बाई एक पायरी खाली राहून त्यांच्या पुढे चालत होत्या, पडल्याच तर अंगावर पडाव्यात म्हणून.

"सिस्टर, ती खूण मी केली होती."

"माहीत आहे."

"हेडमास्तर हॉल रिकामा करा म्हणून दोनदा येऊन गेले. गर्दी होती. काकू तीन मुलं घेऊन समोर उभी. घरात चार नावं. मी मोजलीच नाहीत. चारही नावांवरून एकच रेघ ओढली."

"एका दमात ओढलेली रेघ दिसते की वहीत. गुडघे गेलेत माझे, डोळे आहेत. म्हणून तर एकाहून जास्त मुलांची घरं तेवढी घेतली."

"मग दिवसभर बोलला का नाहीत?"

"चढताना दम कुठे होता." त्या थोडं उतरल्या. "घर नाही मोजायचं बाई, दंड मोजायचा. चौदा वर्षांत मीच कधी सांगितलं नसेल."

सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, दोघींनाही ते आठवत होतं. बाई तशाच चालत राहिल्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता, पण भांडं एकच नव्हतं. बेकरी बंद झालेली दिसली. दारावर उद्याच्या पिठाची पोती होती.

"सिस्टर," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरून रद्द झालं, तेव्हा तुम्ही रजेवर होतात. बदली सिस्टर आल्या होत्या. त्या सिरींज मोजत नव्हत्या."

सिस्टर थांबल्या.

"मागच्या वर्षीही मी तशाच रेघा ओढल्या. सगळ्या नाही. पण ओढल्या."

खालून शाळेची घंटा ऐकू आली, दुपारची पाळी सुटल्याची. सिस्टर कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, आणि बाईंना वाटलं, आता या बसतील आणि उठणारच नाहीत. अकरा दिवस उरलेल्या बाईमाणसाला हे सांगायला नको होतं, असं एकदा वाटून गेलं. मग वाटलं, नाही सांगितलं तर देवापुढे हात जोडून काय बोलणार होतो आपण.

"किती घरं?" सिस्टरांनी विचारलं.

"वही बघावी लागेल. पंधरा-वीस असतील."

"वही आहे?"

"कपाटात आहे."

सिस्टरांनी पेटीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. वर वळून पाहिलं नाही. पायऱ्या त्यांना पाठ होत्या.

"उद्या शाळेला सुट्टी आहे ना? वही घेऊन या," त्या म्हणाल्या. "आणि या चपला नको बाई. जरा बऱ्या घाला."