चांदीच्या टाळूवरचं तेल

हिवरखेडची ललिता लग्न होऊन अकोल्यात आली आणि नवरा गेल्यावर जनावरांच्या एका कॉलेजात बकऱ्यांच्या कामाला लागली. राग तिच्या नाकावर असतो, हे तिथल्या बोकडांनाही ठाऊक. पण त्या दिवशीचा राग नाकावर मावला नाही बापा, सगळ्या गोठ्यात पसरला.

झालं असं, तिथं शिकवणाऱ्या गीतांजली मॅडमनं ऊब टिपणारा कॅमेरा आणला. डोकं कामाला लागलं की तिथं रक्त धावतं, वरची कातडी जराशी तापते आणि कॅमेऱ्यात पिवळी दिसते म्हणे. पिल्लू ओरडलं की आईच्या डोक्यात काय होतं, ते मॅडमला पाहायचं होतं. म्हणून बकऱ्यांच्या टाळवा भादरल्या आणि पिल्लं पडद्याआड नेली.

बाकीच्यांची डोकी पिवळी झाली. चांदी नावाच्या बकरीचं मात्र थंड, निळंच्या निळं.

"मावशी, ही मंद दिसते," मॅडम म्हणाल्या. "परतवाड्याच्या बाजारात देऊन टाकू."

"बाजारात म्हणजे खाटकाले, सरळ सांगा ना! अन् मंद काहून? पिल्लू ओरडलं तं थानातून दूध गळून राहिलं तिच्या. ते दिसत नाही तुमाले?"

"कॅमेरा खोटं नाही बोलत, मावशी."

"मंग काय बकरी खोटं बोलून राहिली?"

ललितानं तणतणत चांदीचं डोकं कवटाळलं. मॅडम जवळ आल्या, वास घेतला.

"तेल? मावशी, काही लावू नका म्हटलं होतं ना! तेलाच्या थराखालची ऊब कॅमेऱ्याला दिसत नाही!"

"कॅमेऱ्याले तेलकट हात लावू नका म्हटलं तुमी! बकरीचं कोण बोललं?"

मॅडम खरंच बोलल्या नव्हत्या. आणि बाळंतिणीची टाळू कोरडी ठेवायची नाही, ही ललिताच्या माहेरची रीत. भादरलेली टाळू पाहून तिनं सकाळीच गोडेतेल थापलं होतं. आता स्वतःवरचा रागही मॅडमवरच काढत तिनं चांदीचं डोकं साबणानं खसाखसा धुतलं. वाळू दिलं.

पडद्याआडून पिल्लू ओरडलं. चांदीचं कपाळ हिरवं झालं, मग पिवळंधमक.

"ऐकलं तिनं!" मॅडम हरखल्या. "नाही विकत हिला. आणखी एकदा घेऊ."

"ऐकलं ना? समजलं ना? मंग आता कायले रडवता लेकराले?" ललितानं पडदाच ओढला. पिल्लू धावत जाऊन थानाला चिकटलं.

"मावशी, प्रयोग!"

"पिऊ द्या पहिले. तुमचा प्रयोग काय उपाशी मरून राहिला?"

चांदी अजून गोठ्यातच आहे. पण तेलाची वाटी मॅडमनं कुलपात ठेवली, आणि त्यावरून ललिता आजही भांडते.