अप्पांनी धुतलेला टॉवेल

काल सकाळी माझे सासरे, अप्पा, गच्चीत टॉवेल झटकताना दिसले आणि मी दारातच थांबले. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःचा रुमालही धुतला नव्हता.

पक्षाघाताने सासूबाईंचा उजवा हात गेला, तेव्हापासून त्यांचं अंग अप्पाच पुसतात. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी तोंड फिरवलं. "कुबट वास येतोय हो याला." अप्पांनी दुप्पट साबण घातला. वास गेला नाही, टॉवेल मात्र पुठ्ठ्यासारखा ताठ झाला. शेवटी परवा संकोचत माझ्याकडे आले.

"सूनबाई, या टॉवेलचं काय करायचं गं?"

मी सांगितलं, साबण कमी घाला, पाणी गरम घ्या, चमचाभर खायचा सोडा टाका. आणि धुतल्यावर बादलीत ठेवू नका, लगेच उन्हात घाला.

आंघोळ झाली की हात लांब करावा आणि कोरडा टॉवेल मिळावा, याची आपल्याला किती सवय असते. तो कुणीतरी वाळवलेला असतो, हे मनातही येत नाही.

संध्याकाळी अप्पांनी टॉवेल पुढे केला. सासूबाईंनी डाव्या हाताने ओढून त्यात तोंड खुपसलं. अप्पा वाट पाहत उभे.

"जमलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचा, हुकमी. "आता तुमचाही धुवा. माझा हात गेल्यापासून त्याची काय दशा केलीत!"